दवाखान्यात डॉक्टरशिवाय आणखी कोण बसतं? व्हरमाँटच्या ‘ब्लूप्रिंट’ सेवेचं परीक्षण

प्राथमिक आरोग्यसेवा सुधारण्यासाठी अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी ‘पेशंट-सेंटर्ड मेडिकल होम’ नावाच्या, म्हणजे रुग्णाच्या नेहमीच्या दवाखान्यात डॉक्टरबरोबर टीम उभी करण्याच्या योजना काढल्या. त्यांत आमच्या मते व्हरमाँटची ‘ब्लूप्रिंट फॉर हेल्थ’ सर्वांत नीट बांधलेली आहे. ओरेगॉनची तिच्या खालोखाल. पेन्सिल्व्हेनियाची पहिली फेरी फसली, आणि ती का फसली हे कळलं की बाकीच्या पारखायला सोपं जातं. अशी कुठलीही योजना बघताना आधी दोन गोष्टी विचाराव्यात. तपासणीच्या खोलीबाहेर काम करणाऱ्या नर्सचा, समाजसेविकेचा, आहारतज्ज्ञाचा पगार कोण देतं? आणि रुग्ण रात्री इस्पितळात भरती झाला, तर त्याच्या नेहमीच्या दवाखान्याला ते कधी कळतं? दवाखाना ‘मेडिकल होम’ असल्याचं भिंतीवरचं प्रमाणपत्र तिसऱ्या नंबरावर.

कल्पना जुनी आहे. १९६७ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने ‘मेडिकल होम’ म्हटलं ते एवढ्यापुरतंच, की दीर्घ आजाराच्या मुलांचे सगळे वैद्यकीय कागद एका जागी असावेत. २००७ मध्ये फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, इंटर्निस्ट आणि ऑस्टिओपॅथिक डॉक्टर यांच्या चार संघटनांनी मिळून सात तत्त्वं मांडली. प्रत्येक रुग्णाला ठरलेला डॉक्टर, त्याच्याबरोबर टीम, एकेका अवयवाऐवजी सबंध माणसाचा विचार, बाहेरच्या तज्ज्ञांशी समन्वय, गुणवत्ता आणि सुरक्षितता, गरज पडेल तेव्हा भेट, आणि सातवं म्हणजे या जादा कामाचे वेगळे पैसे. पहिल्या सहांवर भाषणं भरपूर झाली. घोडं अडलं ते सातव्यावर.

अमेरिकेत दवाखान्याला पैसे मिळतात ते मुख्यतः भेटीमागे. रुग्ण समोर बसला, तपासला, विमा कंपनीकडे बिल (क्लेम) गेलं, पैसे आले. सहा महिने साखर न तपासलेल्या माणसाला शोधून फोन करणं, औषध परवडत नसेल तर स्वस्त पर्याय काढून देणं, इस्पितळातून घरी आलेल्या आजींच्या जुन्या-नव्या गोळ्यांचा गुंता सोडवणं, यांतल्या बऱ्याचशा कामाचं बिलच होत नसे. आपल्याकडच्या जुन्या फॅमिली डॉक्टरला घरातल्या सगळ्यांची दुखणी तोंडपाठ असायची; मेडिकल होममध्ये त्या पाठांतराची यादी होते आणि ती पाच जणांत वाटली जाते. त्या पाचांपैकी चौघांचा पगार भेटींच्या हिशेबात बसत नाही, म्हणून तो कुठून काढायचा हे राज्याला ठरवावं लागतं.

व्हरमाँटने काय केलं

राज्य लहान. २०२० च्या जनगणनेत ६ लाख ४३ हजार लोक, बहुतेक भाग डोंगराळ आणि ग्रामीण. २००३ मध्ये गव्हर्नर जिम डग्लस यांच्या काळात ब्लूप्रिंट सुरू झाली, २००६ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला आणि २००८ मध्ये सेंट जॉन्सबरी परिसरात मेडिकल होमचे पहिले प्रयोग झाले. मोठा फरक पडला तो २०१० च्या १२८ क्रमांकाच्या कायद्याने. जुलै २०११ पर्यंत प्रत्येक इस्पितळाच्या सेवाक्षेत्रात योजना पोचवायची आणि ऑक्टोबर २०१३ पर्यंत राज्यातल्या तयार असलेल्या प्रत्येक प्राथमिक दवाखान्याला सामावून घ्यायचं, असं त्यात बंधन होतं. राज्यात व्यवसाय करणाऱ्या मोठ्या विमा कंपन्यांना पैसे भरणं भाग पडलं. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, राज्याच्याच हातात होतं, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारच्या आठ राज्यांच्या प्रयोगातून मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा केंद्राचा विमा, तेही आलं.

कायद्याने सगळ्यांना एकत्र बांधणं का लागतं, हे बाहेरून चटकन लक्षात येत नाही. एका दवाखान्याचे रुग्ण आठ-दहा वेगवेगळ्या विमा योजनांचे असतात. एकाच कंपनीने नर्सचे पैसे दिले तर फायदा बाकीच्यांनाही मिळतो, मग ती कंपनी म्हणते आम्हीच का द्यायचे. सगळ्यांनी आपापसांत बसून एकच दर ठरवला तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरू शकतो. राज्य सरकारने बोलावून, आपल्या देखरेखीखाली दर ठरवला की ही अडचण सुटते. खासगी डॉक्टरांची संघटना किंवा एखादी कंपनी कितीही चांगल्या मनाने उतरली तरी हे काम तिच्याच्याने होत नाही.

पैशाचे प्रवाह दोन होते. पहिला थेट दवाखान्याला: नोंदलेल्या प्रत्येक रुग्णामागे महिन्याला १.२० ते २.३९ डॉलर, प्रमाणपत्राच्या तपासणीत मिळालेल्या गुणांनुसार. २,००० रुग्णांच्या दवाखान्याला म्हणजे महिन्याला २,४०० ते ४,७८० डॉलर. एवढ्यात एका नोंदणीकृत नर्सचा पगारही धड निघत नाही. पुढे हे दर वाढवावे लागले, यात नवल नाही.

दुसरा प्रवाह हा या योजनेचा खरा जीव. त्यातून कम्युनिटी हेल्थ टीम चालते. २०,००० रुग्णांमागे ५ पूर्णवेळ माणसं, वर्षाला साडेतीन लाख डॉलर, आणि ते सगळ्या विमा कंपन्यांनी वाटून घ्यायचे. हिशेब केला तर माणशी वर्षाला साडेसतरा डॉलर, महिन्याला दीड डॉलरच्या आत. टीम एका दवाखान्याची नसते, त्या भागातल्या सगळ्या दवाखान्यांची मिळून असते. नेमणूक बहुधा स्थानिक इस्पितळ किंवा मोठं आरोग्यकेंद्र करतं. कोण माणसं घ्यायची हे तो भाग ठरवतो: कुठे नर्स केअर कोऑर्डिनेटर जास्त, कुठे समाजसेवक, कुठे आहारतज्ज्ञ, कुठे समुपदेशक. दोन डॉक्टरांच्या खेड्यातल्या दवाखान्याला पूर्णवेळ आहारतज्ज्ञ कधीच परवडणार नाही. आठवड्यातून एक दिवस वाट्याला आलेला परवडतो. छोट्या दवाखान्यांना मोठ्या समूहात विलीन न होता ही सोय मिळाली, याला आम्ही योजनेच्या सर्वांत मोठ्या गुणांत धरतो.

आणि रुग्णाच्या बाजूने बघायचं तर याहून महत्त्वाचं: या टीमकडे जायला को-पे (भेटीमागे रुग्णाने भरायची रक्कम) नाही, विमा कंपनीची आगाऊ परवानगी नाही, घरी बिल येत नाही. डॉक्टर तपासता तपासता ओळखतात की या माणसाची साखर औषधाने नाही, भाड्याच्या चिंतेने वाढली आहे. दार उघडून पलीकडच्या खोलीतल्या समाजसेविकेशी तिथल्या तिथे गाठ घालून देतात. याच माणसाला ‘पुढच्या महिन्यात या नंबरावर फोन करा’ असं लिहून दिलं असतं तर त्यातले कितीतरी फोन कधीच झाले नसते. पलीकडची खोली रिकामी असेल किंवा टीमचा माणूस आज दुसऱ्या गावात असेल, तर मात्र व्हरमाँटमध्येही तेच होतं. ५ माणसं २०,००० लोकांमागे म्हणजे ४,००० लोकांमागे एक. हे प्रमाण तोकडं आहे. मिशिगनच्या प्रयोगात ५,००० रुग्णांमागे २ केअर मॅनेजर, म्हणजे रुग्णांचा पाठपुरावा करणारी माणसं, धरले होते. तेही फार नव्हेत, पण व्हरमाँटपेक्षा दाट.

टीमच्या भोवती आणखी दोन सेवा जोडल्या आहेत आणि दोन्ही चांगल्या चालतात. ‘सॅश’ ही वृद्धांच्या परवडणाऱ्या घरसंकुलांत बसवलेली सेवा: १०० रहिवाशांमागे एक समन्वयक आणि पाव वेळेची नर्स. ती रक्तदाब बघते, गोळ्यांचे डबे तपासते, घरात पडायला कारण ठरणारी सतरंजी हलवते. दुसरी ‘हब अँड स्पोक’, अफूजन्य औषधांच्या व्यसनावर. अवघड रुग्ण ‘हब’मध्ये, जिथे व्यसनावरचं मेथाडोन हे औषध मिळतं, स्थिर झालेले आपल्या नेहमीच्या दवाखान्यात, ज्याला ‘स्पोक’ म्हणतात, ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या औषधावर. स्पोकला १०० मेडिकेड रुग्णांमागे एक नर्स आणि एक परवानाधारक समुपदेशक मिळतो. अनेक राज्यांत डॉक्टर हे औषध लिहायला कचरतात, कारण हजेरी, लघवीची तपासणी, फोन, समुपदेशन हे सगळं एकट्याच्या अंगावर येतं. इथे ते अंगावरून उतरवलं, म्हणून डॉक्टर तयार झाले.

दवाखान्यात रोज काय घडायला हवं

मेडिकल होमचं प्रमाणपत्र देणारी मुख्य संस्था एनसीक्यूए (नॅशनल कमिटी फॉर क्वालिटी अ‍ॅशुरन्स). २००८ मध्ये तिने सुरुवात केली. आधी तीन पातळ्या होत्या, २०१७ मध्ये त्या काढून टाकल्या. आता सुमारे ४० अनिवार्य निकष पूर्ण करायचे, शिवाय ऐच्छिक निकषांतून २५ गुण जमवायचे आणि दरवर्षी अहवाल द्यायचा. निकष सहा विषयांत वाटलेले: टीमची रचना, रुग्णांची माहिती, भेटीची सोय आणि सातत्य, अवघड रुग्णांची विशेष काळजी, इतर ठिकाणांशी समन्वय, मोजमाप आणि सुधारणा. कागदपत्रं जमवणं हे कित्येक महिन्यांचं काम आहे. व्हरमाँटने यासाठी प्रॅक्टिस फॅसिलिटेटर नावाची माणसं नेमली, जी दवाखान्यात येऊन बसतात, कामाचा क्रम मांडून देतात आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरही येत राहतात. हे शेवटचं फार कमी राज्यांनी केलं.

काम सुरू होतं यादीपासून. कोणता रुग्ण कोणत्या डॉक्टरचा, हे आधी ठरवायचं. त्याची रूढ पद्धत चार पायऱ्यांची आहे: गेल्या काळात एकाच डॉक्टरकडे आला असेल तर त्याचा, अनेकांकडे आला असेल तर सर्वांत जास्त वेळा ज्याच्याकडे आला त्याचा, तिथेही बरोबरी असेल तर शेवटची पूर्ण तपासणी ज्याने केली त्याचा, तीही नसेल तर शेवटी ज्याने बघितलं त्याचा. ही यादी पक्की झाल्याशिवाय पुढचं काही करू नये. इथे पहिला गोंधळ होतो तो असा, की विमा कंपनीची यादी वेगळी असते. ती क्लेमवरून बनते. व्हरमाँटमध्ये मागच्या २४ महिन्यांतल्या भेटी मोजतात. धडधाकट तरुण दोन वर्षं फिरकला नाही तर तो कंपनीच्या यादीतून गळतो, दवाखान्याच्या यादीत राहतो. त्याचे पैसे येणं बंद होतं, जबाबदारी तशीच. दर तिमाहीला दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताळा करणारं माणूस दवाखान्यात नसेल, तर पैसे कुठे गळतात हे वर्षभर कळत नाही.

मग रजिस्टर. मधुमेहींमध्ये एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९ च्या वर कोणाचं, सहा महिन्यांत तपासणीच नाही असे कोण, लघवीतलं अल्ब्युमिन कोणाचं राहिलं, डोळे कोणी दाखवले नाहीत. हे संगणकातून निघतं, पण निघतं तेवढंच जेवढं नीट भरलेलं असेल. डोळ्यांच्या डॉक्टरचा अहवाल स्कॅन करून चित्र म्हणून लावला तर संगणकाला तो दिसत नाही, आणि रुग्ण ‘राहिलेला’ म्हणून दर महिन्याला यादीत येत राहतो. दोन-तीन वेळा चुकीचे फोन झाले की कर्मचारी यादीवर विश्वास ठेवणंच सोडतात.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी इथे दोन खास खाचखळगे आहेत. पहिला नावांचा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून कधी लिहिलं जातं, कधी गळतं. पासपोर्टवर एक, विमा कार्डावर दुसरं. त्यातून एकाच माणसाच्या दोन फायली होतात आणि लसी एका फायलीत, साखर दुसरीत असं होतं. नोंदणीच्या वेळी विमा कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच द्यावं. दुसरा खळगा वजनाचा. मधुमेहासाठी कोणाला तपासायचं, हे अनेक रजिस्टरं बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ वरून ठरवतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी २३ ची मर्यादा सांगितली आहे. रजिस्टरमध्ये ती बदललेली नसेल तर बारीक दिसणारा चाळिशीचा माणूस यादीत येणारच नाही. हे विचारून घेण्यासारखं आहे. आहारतज्ज्ञाच्या छापील तक्त्यात भाकरी, वरण-भात, साबुदाणा सापडणार नाही. घरात दिवसभरात काय आणि किती शिजतं ते मापासकट लिहून न्यावं, म्हणजे पास्त्याच्या हिशेबाने सल्ला मिळणार नाही.

सकाळी पहिल्या रुग्णाआधी दहा मिनिटं टीम उभ्या उभ्या दिवसाची यादी बघते. चांगल्या दवाखान्यात मेडिकल असिस्टंटला डॉक्टरने आधीच लेखी अधिकार दिलेले असतात: मधुमेही आला की बूट-मोजे काढायला लावायचे, राहिलेली लस द्यायची, लघवीचा नमुना घ्यायचा. डॉक्टर खोलीत येतो तेव्हा ही कामं झालेली असतात. ही दहा मिनिटं गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी कापली जातात, आणि तिथूनच घसरण सुरू होते.

इस्पितळातून घरी आलेल्या रुग्णाला कामाच्या दोन दिवसांत फोन, आणि प्रकृतीनुसार सात किंवा चौदा दिवसांत भेट, असा मेडिकेअरच्या बिलाचाही नियम आहे. फोनवर पहिलं काम गोळ्यांचं: घरातल्या सगळ्या बाटल्या समोर ठेवून डिस्चार्ज कागदाशी ताडायच्या. एकच औषध कंपनीच्या नावाने आणि मूळ नावाने दोनदा घेतलं जाणं, हा नेहमीचा घोटाळा. पण फोन करायला आधी रुग्ण भरती झाल्याचं कळायला हवं. क्लेमवरून कळायचं तर महिने जातात. त्यासाठी इस्पितळाच्या संगणकातून भरती, डिस्चार्ज आणि बदलीचा संदेश आपोआप दवाखान्यात यायला लागतो. राज्याबाहेरच्या इस्पितळातून तो येईलच याची खात्री नसते. व्हरमाँटचे पुष्कळ रुग्ण मोठ्या उपचारांसाठी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये डार्टमथच्या इस्पितळात जातात, तेव्हा अशा वेळी घरच्यांनीच दवाखान्याला फोन केलेला बरा.

आकडे काय सांगतात

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात ब्लूप्रिंटच्या दवाखान्यांतल्या रुग्णांचा खर्च तुलनेच्या गटापेक्षा माणशी वर्षाला ४८२ डॉलरने कमी वाढलेला दिसला. बचत मुख्यतः इस्पितळातल्या खर्चातली. मेडिकेडच्या सामाजिक आणि घरपोच सेवांवरचा खर्च उलट थोडा वाढला. ते चांगलंच लक्षण, कारण टीमचं काम लोकांना तिथे पोचवण्याचंच होतं. लेखकांत योजनेचे तेव्हाचे संचालक होते आणि दवाखाने स्वेच्छेने आलेले होते, म्हणजे उत्साही दवाखाने आधी आले असणार. हे धरून आकडा थोडा खालीच वाचावा.

पेन्सिल्व्हेनियाची गोष्ट याच्या उलट. राज्याच्या आग्नेय भागात २००८ मध्ये ३२ दवाखाने घेतले. प्रमाणपत्र मिळवल्याबद्दल बक्षीस ठेवलं. तीन वर्षांत डॉक्टरमागे सरासरी ९२,००० डॉलर मिळाले. सगळ्यांनी प्रमाणपत्र मिळवलं. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा ११ गुणवत्ता निकषांपैकी फक्त एकात, मधुमेहींच्या मूत्रपिंड तपासणीत, ठळक सुधारणा होती. इस्पितळातल्या भरत्या, ईआरच्या (तातडीच्या विभागाच्या) फेऱ्या, एकूण खर्च, कशातच घट नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पैसे कागदाला होते, त्यामुळे मेहनत कागदावर झाली. रुग्ण कुठे भरती झाले याची ताजी माहिती दवाखान्यांना मिळत नव्हती, आणि भरती टळली तर वाचलेल्या पैशात त्यांचा वाटाही नव्हता.

त्याच राज्याच्या ईशान्य भागात पुढची फेरी झाली, २७ दवाखान्यांची. तिथे बक्षीस प्रमाणपत्राच्या घाईला नव्हतं. विमा कंपन्यांनी केअर मॅनेजरचा खर्च उचलला, भरत्यांची आणि ईआरची माहिती वेळेवर दिली, आणि बचत झाली तर वाटा द्यायचं ठरवलं. भरत्याही कमी झाल्या, ईआरच्या फेऱ्याही. एकच राज्य, एकच प्रमाणपत्र, फक्त पैशाची आणि माहितीची मांडणी वेगळी. या विषयावर एकच तुलना वाचायची असेल तर ही वाचावी.

ओरेगॉनने २००९ च्या कायद्याने स्वतःचंच मानांकन काढलं. दवाखान्याला ते फुकट मिळतं, अर्ज सरळ राज्याच्या आरोग्य विभागाकडे, निकष रुग्णाला कळेल अशा भाषेत. एनसीक्यूएच्या खर्चाने आणि कागदांनी दमलेल्या छोट्या दवाखान्यांना हे फार सोयीचं पडलं. पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात पहिल्या तीन वर्षांत २४ कोटी डॉलरची बचत मोजली गेली; या कार्यक्रमामुळे प्राथमिक सेवेवर वाढलेल्या प्रत्येक डॉलरमागे इतर खर्चात १३ डॉलरची घट. उणी बाजू अशी की अर्ज बराचसा दवाखान्याच्या स्वतःच्या शब्दावर चालतो. विभागाची माणसं प्रत्यक्ष भेटीला जातात, पण प्रत्येक ठिकाणी दरवर्षी नाही. पुढे २०१७ मध्ये ओरेगॉनने आणखी एक कायदा केला: विमा कंपन्यांनी एकूण वैद्यकीय खर्चाच्या किमान १२ टक्के प्राथमिक सेवेवर खर्च करायचे, २०२३ पर्यंत. र्‍होड आयलंड याबाबतीत आधीचं. तिथल्या विमा आयुक्तांनी २०१० पासून पाच वर्षं दरवर्षी हा वाटा एक टक्का-अंकाने वाढवायला लावला. अशी सक्ती नसेल तर प्रयोगाचा निधी संपला की केअर मॅनेजर जातो.

नॉर्थ कॅरोलायनाचं जाळं या सर्वांत जुन्यांपैकी, १९९८ पासूनचं. १४ प्रादेशिक संस्था मेडिकेडच्या रुग्णांसाठी केअर मॅनेजर पुरवत. जुलै २०२१ मध्ये राज्याने मेडिकेड खासगी विमा कंपन्यांच्या हाती दिलं, आणि एकच जाळं होतं तिथे रुग्णाच्या योजनेप्रमाणे व्यवस्था बदलू लागली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच राज्याने पुरेशी हाताळली नाही: वेळ. सिएटलजवळ ग्रुप हेल्थ या संस्थेने एका दवाखान्यात डॉक्टरमागचे रुग्ण २,३०० वरून १,८०० वर आणले आणि भेट २० मिनिटांची ३० केली. दोन वर्षांत ईआरच्या फेऱ्या तुलनेने २९ टक्के आणि भरत्या ६ टक्के कमी झाल्या, कर्मचाऱ्यांचा थकवाही उतरला. राज्यांच्या योजनांनी टीम दिली, पण डॉक्टरची यादी छोटी करायला पैसे दिले नाहीत. व्हरमाँटमध्येही नव्या रुग्णाला पहिली भेट मिळायला थांबावं लागतं, आणि कम्युनिटी हेल्थ टीम कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंतचा रस्ता याच भेटीतून जातो.

शिवाय ज्या मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा वैद्यकीय खर्च स्वतःच्या खिशातून करतात, त्यांना १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे राज्य सक्ती करू शकत नाही. आयटीतल्या अनेक मराठी लोकांचा विमा याच प्रकारचा असतो, कार्डावर नाव विमा कंपनीचं असलं तरी. त्यांना सेवा मिळते. त्यांचा मालक वाटा देतोच असं नाही.

दवाखाना निवडताना

प्रमाणपत्र आहे का हे संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं, त्यासाठी फोन खर्चू नये. फोनवर हे विचारावं: तुमची तिसरी रिकामी वेळ कधीची आहे? पहिली रिकामी वेळ कोणीतरी आयत्या वेळी रद्द केल्यामुळे उद्याची असू शकते. तिसरी खरी परिस्थिती सांगते. जुन्या रुग्णासाठी ती आठवड्याच्या आत असेल तर उत्तम. रात्री नऊला फोन केला तर कोण उचलतं, आणि त्याला माझी फाइल दिसते का? केअर मॅनेजर या इमारतीत बसतो की विमा कंपनीच्या कॉल सेंटरमधून फोन करतो? तज्ज्ञाकडे पाठवल्यावर अहवाल परत आला नाही तर कोण मागे लागतं? या शेवटच्या प्रश्नाला ‘तुम्हीच विचारा’ असं उत्तर आलं, तर मानांकन कोणतंही असो, दुसरा दवाखाना बघावा. आई-वडिलांसाठी मराठी दुभाषी हवा असेल तर भेट ठरवतानाच ‘मराठी’ असं स्पष्ट नोंदवून घ्यावं, नाहीतर फोनवर हिंदीचा माणूस येतो. केंद्राचा निधी घेणाऱ्या दवाखान्याला दुभाष्याचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.

बिलाबद्दल एक सूचना. व्हरमाँटच्या टीमचं बिल येत नाही, पण इतर राज्यांत केअर मॅनेजरचे फोन मेडिकेअरला ‘क्रॉनिक केअर मॅनेजमेंट’ म्हणून लावले जातात. दोन किंवा अधिक दीर्घ आजार असलेल्या रुग्णासाठी महिन्याला किमान २० मिनिटांचं काम, २०१५ पासून. त्याचा २० टक्के वाटा रुग्णाला पडतो, पूरक विमा नसेल तर. आधी रुग्णाची संमती घ्यावी लागते, ती तोंडी चालते, आणि इथेच गडबड होते: फोनवर आजोबा ‘येस, येस’ म्हणतात आणि पुढच्या महिन्यापासून छोटी छोटी बिलं सुरू होतात. एका महिन्यात एकाच दवाखान्याला हे बिल लावता येतं, त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञाने आधीच लावलं असेल तर नेहमीच्या डॉक्टरचं नाकारलं जातं. सेवा नको असेल तर दवाखान्याला कळवून कधीही थांबवता येते. महिन्याच्या अखेरीपासून ती बंद होते. लेखी कळवावं आणि पोर्टलवरच्या संदेशाची प्रत ठेवावी.